पदकाची मागची बाजू

फिलाडेल्फियात डेलावेअर नदीकाठी, पेन्स लँडिंगला ‘ऑलिम्पिया’ ही अमेरिकी क्रूझर उभी आहे. १८९२ साली सॅन फ्रान्सिस्कोत पाण्यात उतरलेली. आज ती पांढरीशुभ्र दिसते. १८९८ च्या एप्रिलमध्ये मात्र स्पेनशी युद्ध दाराशी येताच हाँगकाँगला तिला घाईघाईनं करडा रंग फासला होता.

ब्रिजवर दोन पावलांचे ब्राँझचे ठसे आहेत. १ मेच्या पहाटे मनिलाच्या उपसागरात कमोडोर जॉर्ज ड्यूई इथे उभा होता. पावणेसहाच्या सुमारास त्यानं जहाजाच्या कॅप्टन ग्रिडलीला तोफा डागायला सांगितलं. मधेच दारूगोळा संपत आल्याची चुकीची वार्ता आली, जहाजं मागे घेतली, आणि तेवढ्यात खलाशांनी न्याहरी उरकली! दुपारपर्यंत कॅव्हिटेजवळचं स्पॅनिश आरमार संपलं होतं.

महिनाभरानं अमेरिकी काँग्रेसनं ड्यूईच्या ताफ्यातल्या सगळ्यांसाठी ब्राँझचं पदक मंजूर केलं. घडवलं डॅनियल चेस्टर फ्रेंचनं. वॉशिंग्टनमधला बसलेला लिंकन पुढे त्याचाच. दर्शनी बाजूला ड्यूईचा चेहरा. मागे तोफेवर बसलेला उघड्या अंगाचा गोलंदाज, आणि खाली जहाजाचं नाव. पदक ज्याचं, त्याचं नाव कडेवर कोरलेलं. ड्यूई स्वतः ते उलटं लावायचा म्हणतात. स्वतःचंच तोंड छातीवर मिरवायचं कसं? मला तर ती मागची बाजूच सरस वाटते.

जहाजही तसंच दोन बाजूंचं आहे. अधिकाऱ्यांच्या दालनांत लाकडी नक्षीकाम, जेवणाचं टेबल, आरसे. खलाशांनी मात्र तोफांच्या शेजारी झोळ्या टांगून झोपायचं. इंजिनघरात उतरलं की अरुंद लोखंडी जिने आणि माणसाहून कितीतरी उंच वाफेची इंजिनं. आता ती थंड आहेत, तरी तिथे उभं राहून उकाड्याची कल्पना येते. त्या मोहिमेत अमेरिकेचा एकच माणूस दगावला, तोही गोळीनं नव्हे: ‘मॅककलॉक’ या जहाजाचा मुख्य इंजिनिअर, उपसागरात शिरताना.

फिलिपिनो लोकांना या पदकावर जागा नाही. त्यांच्या नेत्याला, आगिनाल्दोला, याच ‘मॅककलॉक’नं मायदेशी आणून सोडलं आणि जूनमध्ये त्यानं स्वातंत्र्य जाहीर केलं. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या तहात अमेरिकेनं स्पेनला २ कोटी डॉलर मोजून फिलिपिन्सची बेटं घेतली. दोन महिन्यांत फिलिपिनो आणि अमेरिकी सैन्य एकमेकांवर गोळ्या झाडत होतं.