निम्मी थैली एकाच्या हातात

आज राजकारण नाही. कबड्डीच्या पैशाबद्दल लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या कळंबचाच आहे.

परवा चहाच्या गाड्यावर आपल्याच मंडळाचा एक पोरगा भेटला. डाव्या कोपऱ्याचा, पकड अशी की भलेभले चढाईवाले त्याच्या बाजूला जात नसत. आता गुडघ्याला पट्टा लावून बसलेला. मला म्हणाला, "काका, त्या पवनला २०२३ ला अडीच कोटी दिले. जास्त नाही का झाले?" मी पटकन हो म्हणालो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. प्रश्न पवनचा नव्हता, हे मला उशिरा कळलं.

आधी हिशेब समजून घेऊ. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली तेव्हा सगळ्यात महागडा खेळाडू राकेशकुमार, १२ लाख ८० हजार. २०१८ ला मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांवर गेला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सनं २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. नऊ वर्षांत वीसपट!

पण या खेळात प्रत्येक संघाच्या थैलीला तोंड बांधलेलं असतं. २०२३ ला ती थैली ५ कोटींची होती. त्यातच संघ उभा करायचा, कमीत कमी १८ जण. मालक कितीही मोठा असो, वर रुपया टाकता येत नाही. आपल्या उसाला सरकार किमान दर ठरवतं, त्याच्या खाली कारखान्यानं जाऊ नये म्हणून. इथं दोन्ही टोकं बांधलेली. खेळाडूची खालची बोली ठरलेली, सगळ्यात खालच्या गटाला ९ लाख, आणि संघाचा एकूण खर्चही ठरलेला. मधे काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

आता टायटन्सचा कागद मांडा. ५ कोटींतले २ कोटी ६० लाख एका माणसाला, म्हणजे ५२ टक्के. उरलेल्या १७ जणांना सरासरी १४ लाख. काय झालं? २२ सामन्यांत फक्त २ विजय, गुणतक्त्यात शेवटचा नंबर. पवन कमी खेळला असं नाही, त्यानं गुणांचा ढीग घातला. पण तो चढाई करून परत येईपर्यंत दुसऱ्या बाजूनं घर लुटलेलं असायचं. एका माणसानं सात जणांचा खेळ होत नाही.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर आणखी बोलकी. २०२२ ला हाच पवन तमिळ थलायवाजनं २ कोटी २६ लाखांना घेतला. पहिल्याच सामन्यात गुडघा गेला, अख्खा हंगाम बाहेर. सगळ्यांनी थलायवाज संपले असं धरलं. पण नरेंदर नावाच्या नवख्या पोरानं चढाई अंगावर घेतली आणि तो संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. तिथं त्यांना हरवलं आपल्या पुणेरी पलटणनं.

मग महागडा खेळाडू घेणं चूकच का? तसंही नाही. पलटणनं २०२३ ला इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाख मोजले. तीही निम्म्याच्या जवळपास रक्कम. पण १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ हरवून ते पहिल्यांदा विजेते झाले. कारण बाकीचा संघ आधीच घडवलेला होता. कप्तान अस्लम इनामदार आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला. मोहित गोयत, संकेत सावंत, आकाश शिंदे अशी पोरं लहान वयात घेऊन सांभाळलेली, म्हणून मोठ्या लिलावाच्या भावात घ्यावी लागली नाहीत. ओसरी, माजघर पक्कं होतं, त्यावर कळस चढवला. टायटन्सनं कळस आणला आणि भिंती शोधत बसले.

अमेरिकेत बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये ही पगाराची मर्यादा १९८४ पासून आहे. तिथं करार अनेक वर्षांचे आणि बहुतेक हमीचे. खेळाडू घरी बसला तरी पैसे द्यावेच लागतात. २००८ ला वॉशिंग्टनच्या संघानं गिल्बर्ट अरिनासशी सहा वर्षांचा ११ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. गुडघ्यापायी पुढच्या हंगामात तो खेळला फक्त दोन सामने. पुढं तो करार ओरलँडोच्या गळ्यात पडला. २०११ ला खास सवलत वापरून त्यांनी त्याला सोडलं. मर्यादेच्या हिशेबातून आकडा गेला, पैसे मात्र चुकले नाहीत. आपल्याकडं मुकादम टोळीला उचल देतो आणि टोळी आलीच नाही तर कसा अडकतो, तसं.

आपल्या कबड्डीत उलटं. इथं चूक झाली तर मालक पुढच्या लिलावात मोकळा, झळ खेळाडूला. कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई बघा. २०१८ ला ३६ लाख ४० हजार, २०१९ ला थेट १ कोटी ४५ लाख. नंतर खांदा दुखावला आणि २०२२ ला २० लाख. पुढच्या वर्षी परत १ कोटी. माणूस तोच, खांदा तोच. म्हणून कोणी 'डोक्यावर चढलेत हे' म्हणालं की मला ते पटत नाही. खेळाडूची कमाईची वर्षं किती? आठ, फार तर दहा. देणाऱ्यानं दिले, त्यानं घेतले. जास्त दिले असतील तर चूक देणाऱ्याची.

आता देणारे कोण? आपण.

मागच्या स्पर्धेच्या समितीत मी होतो. वर्गणी बरी जमली होती. एका बैठकीत ठरलं, बाहेरून नाव असलेला चढाईपटू आणायचा, फ्लेक्सवर मोठा फोटो, गर्दी खेचेल. जमलेल्या पैशातले जवळजवळ निम्मे त्या एका पाहुण्याला गेले. मी विरोध केला नाही. उलट दुसऱ्या दिवशी बातमी लावली, 'कळंबच्या मैदानात तारा अवतरणार'. तो आला, तीन सामने खेळला, छान खेळला, गेला. त्याचा काही दोष नाही.

आपल्या पोरांना जाण्यायेण्याचं भाडं, एक टी-शर्ट आणि रात्रीचं जेवण. उपांत्य सामन्यात तो कोपऱ्याचा पोरगा पकड करताना पडला. गुडघ्यातून आवाज आला तो मी माइकजवळ बसून ऐकला. तपासणीला पैसे लागले तेव्हा समितीच्या डब्यात मंडपवाल्याचं देणं तेवढं उरलं होतं. विमा कोणाचाच काढलेला नव्हता. त्याच्या आईनं शेळ्या विकल्या. पोलीस भरतीचं त्याचं मैदान त्या वर्षी हुकलं. ही बातमी मी लावली नाही. लावायला पाहिजे होती.

म्हणून गाड्यावरचा तो प्रश्न मला टोचतोय. तो पवनचं नाव घेऊन आमचा हिशेब विचारत होता.

यंदा परत वर्गणी सुरू होईल. समितीपुढं मी तीन गोष्टी लेखी देतोय. एक, जमलेल्या पैशातले चार आण्यांच्या वर कुठल्याही एका खेळाडूला द्यायचे नाहीत, तो कितीही मोठा असो. दोन, फ्लेक्स छापायच्या आधी खेळणाऱ्या प्रत्येक पोराचा अपघात विमा. तीन, जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचा, बक्षीस वाटपाच्या आधी. प्रो कबड्डीवाले थैलीला तोंड बांधू शकतात, तर आपल्या पावती पुस्तकाला का नको?

गर्दी कमी होईल म्हणणारे भेटतील. होऊ द्या. आपली पोरं आपल्याच मैदानात खेळताना बघायला आया-बहिणी येतात, ती गर्दी मला पुरेशी आहे.

तो पोरगा आता चालतोय, पळत अजून नाही. पहिली विम्याची पावती त्याच्या हातानं फाडायची, असं मी ठरवलंय. तुम्हाला पटत असेल तर वर्गणी देताना फक्त एवढंच विचारा, "विमा काढला का?"