चांदीची आगगाडी

ग्वाल्हेरास पाटणकर बाजारात आमचे बिऱ्हाड आहे. गतवर्षी खंडेनवमीस हत्यारांच्या पूजेला माझा भाचा बसलाच नाही. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे त्याचे दोन महिने झाले होते. “मामा, अजून एकाही हत्यारास माझा हात लागलेला नाही, पूजा कशाची करू?” असे म्हणून तो शिक्षण सोडण्याच्या गोष्टी बोलू लागला. मजजवळ उत्तर नव्हते.

पुढल्या रविवारी त्यास जयविलास महालात नेले. तेथे भोजनाच्या मेजावर माधवराव शिंद्यांची चांदीची आगगाडी आहे. (त्यांच्या खऱ्या दोन फुटी रुळांवरील गाडी २०२० साली थांबली.) ही पाहुण्यांपुढे मद्याचे बुधले घेऊन फिरे, बुधला उचलला की थांबे. “का थांबे?” एवढेच मी विचारले.

घरी येऊन त्याने सेल, खेळण्यातील मोटर आणि पत्र्याच्या दोन पट्ट्या जमविल्या. वाटीच्या भाराने पट्ट्या टेकाव्यात, वाटी उचलताच विलग होऊन प्रवाह तुटावा, अशी योजना. पण पत्रा वाके तो वाकलेलाच राही, मोटर थांबेना. दोन रात्री रडकुंडीस आला. तिसऱ्या रात्री जुन्या घड्याळाच्या कमानीचा तुकडा लावला, आणि साधले! स्थितिस्थापकत्वाची व्याख्या त्यास शाळेपासून पाठ होती. तो कितीतरी वेळ वाटी ठेवीत आणि उचलीत बसला.

शिक्षण सोडण्याची भाषा आता नाही. परवा त्याने घरातील मिक्सर उघडला. अद्याप जोडलेला नाही. आक्का मजशी बोलत नाही.