शंभर टक्क्यांची ढाल

गोंदिया,
संक्रांतीचा दुसरा दिवस

चि. बंडूस,

काल फोनवर बोलता बोलता तू विचारलंस, "मामाजी, गावसकर लागोपाठ किती कसोटी खेळला? सव्वीस जानेवारीच्या भाषणात घालतो." मी १०६ म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तुमच्या शाळेत शंभर टक्के हजेरीच्या पोरांना ढाली वाटणार आणि वर गावसकर, कूकचे दाखले देणार, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. तुझी मामी म्हणाली, "त्यानं आकडा विचारला, तुम्ही प्रवचन लिहायला बसू नका." बसलो आहे.

आधी आकडे. गावसकरचे १०६ बरोबर. पण ती साखळी तुटली कशी, ते मुलांना सांगणार का? फेब्रुवारी १९८७, पाकिस्तानविरुद्ध कोलकात्याची कसोटी. बोट मोडलं नव्हतं, कोणी वगळलंही नव्हतं. तिथल्या प्रेक्षकांनी पूर्वी केलेली हुर्यो त्याच्या मनातून गेली नव्हती. त्या मैदानावर खेळणार नाही म्हणाला आणि नाही खेळला. पुढच्याच महिन्यात अहमदाबादेत दहा हजार धावा पूर्ण केल्या. कपिलच्या १३१ कसोट्या, मधली एकच हुकली, तीही कोलकात्याचीच, १९८४-८५ मधली. दिल्लीत नको तो फटका मारला म्हणून बाहेर बसवला. तुझे बाबा त्या दिवशी रेडिओ बंद करून जेवायला बसले होते.

आता इंग्लंडचा कूक. त्यानं पहिली कसोटी आपल्या नागपूरला खेळली, मार्च २००६ मध्ये, आणि दुसऱ्या डावात शतक ठोकलं. त्याच दौऱ्यात मुंबईची कसोटी मात्र आजारपणामुळे हुकली. मग थेट २०१८ पर्यंत ओळीनं १५९. तुझ्या शाळेत असता तर त्या एका आजारपणापायी त्याची ढाल गेली असती.

अमेरिकेत बेसबॉलचा एक लू गेहरिग होता. १९२५ ते १९३९, लागोपाठ २१३० सामने. १९३४ मध्ये एकदा कंबर धरली, तर संघाच्या यादीत नाव सर्वांत वर लिहून घेतलं, एकदा फटका मारला आणि माघारी. हजेरी लागली! आपल्याकडे सकाळी सही करून बाजाराला जाणारे गुरुजी होते, त्यांची आठवण होते. पण पुढे अंग साथ देईना, तेव्हा तोच मॅनेजरकडे जाऊन म्हणाला की आज मला बसव. आपल्याला कोणता आजार झालाय, हेही तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. पुण्याच्या आशिष कासोदेकरांनी ६० दिवसांत ६० मॅरेथॉन पुऱ्या केल्या, तेही प्रौढ माणसानं स्वतः ठरवून, शेवटचा दिवस कोणता ते आधीच ठाऊक असताना.

थांबायचं की नाही, हे गावसकर, गेहरिग, कासोदेकर स्वतः ठरवत होते. तुझ्या चौथीच्या वर्गातल्या पोरीच्या हातात काय आहे? विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा, जून संपता संपता उघडतात, आणि लागलीच धानाची रोवणी. आई पऱ्हे काढायला बांधीत, घरी तान्हं भावंड. त्याला कोण धरणार? सरकारनंही पोरीच्या हजेरीची किंमत लावली होती, गरीब घरच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता. १९९२ सालची ती योजना. रोवणीच्या मजुरीपुढे तो रुपया कुठं टिकणार, तू शेतकऱ्याच्या पोटचा आहेस, सांगायला नको. पुढे मोहफुलं पडू लागली की भल्या पहाटे टोपली घेऊन रानात. माघी पौर्णिमेला कचारगडची जत्रा. सालेकशाकडच्या शाळेत बाकंच्या बाकं रिकामी, कारण पोरं आपल्या देवांना भेटायला गेलेली. आपण लिहितो गैरहजर. मास्तर गणपतीला कोकणात गेला तर त्याची मात्र रजा.

माझं म्हणणं तुला जुनंच वाटेल. हजेरीपट गैरहजेरीच्या बाजूनं वाचायचा असतो. जे पोर रोज येतं त्याच्याबद्दल हजेरीपट तुला काहीच सांगत नाही. जे येत नाही, त्याच्या रिकाम्या दिवसांत त्याचं घर, शेत, आजार, सगळं लिहिलेलं असतं. पण ते वाचायला गावात राहावं लागतं, बंडू. तू सकाळच्या गाडीनं जातोस आणि संध्याकाळच्या गाडीनं येतोस. अपडाऊन करणाऱ्या मास्तरला पोराच्या घराचं दार कोणत्या दिशेला आहे तेही ठाऊक नसतं. रागावू नकोस. घरभाडं, मुलांचं शिक्षण, मला सगळं कळतं.

आणि हिवाळ्यातली गैरहजेरी मला सर्वांत जास्त छळायची. दर थंडीत तीच दोन-चार मुलं दोन दिवस, तीन दिवस गायब. हातपाय दुखतात म्हणायची, डोळे पिवळट. स्टाफरूममध्ये म्हणायचे, नाटकं आहेत. सिकलसेल आपल्या गोंदिया-गडचिरोली पट्ट्यात किती आहे, ते तेव्हा कुणी बोलत नव्हतं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फुटताहेत असं वाटण्याइतकं दुखतं. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अति दमणं, यातलं काहीही पुरतं. २०१६ च्या कायद्यानं त्याला दिव्यांगत्वात धरलं. जुलै २०२३ मध्ये शहडोलला पंतप्रधानांनी निर्मूलनाची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंतची. दिल्लीला कळलं, आणि आपण त्याच पट्ट्यात कधीच आजारी न पडणाऱ्या पोराला व्यासपीठावर बोलावून ढाल देणार, आणि दुखणाऱ्यानं खाली बसून टाळ्या वाजवायच्या. ज्याचं रक्त चांगलं निघालं त्याचं कर्तृत्व काय?

ढाल द्यायचीच असेल तर पंधरा दिवसांच्या आजारानंतर परत येऊन मागचं भरून काढणाऱ्याला दे. गावसकरचा तो कोलकात्याचा किस्सा तिथं शोभेल.

हे सगळं लिहिताना माझं लक्ष मात्र दुसरीकडेच आहे. तू तुझ्या लेकीबद्दल ओघात म्हणालास, "छकुली बघा, अंगात ताप, पाय दुखत होते, तरी शाळा बुडवली नाही." केवढा अभिमान होता आवाजात! मला रात्री झोप लागली नाही. मागच्या हिवाळ्यातही तिचे पाय दुखत होते ना? तुझी मामी तेल चोळत होती. मी स्वतः सिकलसेलचा वाहक आहे, तुला ठाऊक आहे. ते कळलं तेव्हा तुझ्या आईला म्हटलं होतं, तूही तपासून घे. तिनं हसण्यावारी नेलं. तू तरी कुठं तपासलंस? वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून कळतही नाही. पण आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक लेकराला चारात एक धोका असतो. सूनबाईच्या माहेरचं तर आपण काहीच विचारलं नाही, लग्नात पत्रिका मात्र तीन ठिकाणी दाखवली. कदाचित वाढत्या वयाचे पाय असतील, काहीच नसेल. नसूच दे.

तरी ने. सोल्युबिलिटीची चाचणी सरकारी दवाखान्यात होते, बोटातून थेंबभर रक्त. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस सांगतील, तेव्हा घाबरायचं नाही आणि टाळायचंही नाही. तिघांचीही करा. रविवारची वाट पाहू नकोस. तू किरकोळ रजा घेत नाहीस, वर्षाअखेर सगळ्या तशाच वाया जातात, हे तू चारचौघांत सांगतोस; यावेळी एक घे. तोवर तिला पहाटेच्या कवायतीला उभी करू नकोस, स्वेटर घाल, पाण्याची बाटली रिकामी होऊन घरी येते का बघ. बाईंना सांगून ठेव की मध्येच पाणी प्यायला उठली तर ओरडू नका. रिपोर्टचा फोटो मला त्याच दिवशी पाठव, मी डॉक्टरांना दाखवतो.

तुझा,
मामा