पळी पळी तेल

शिलालेख वाचणाऱ्याची नजर हळूहळू शेवटच्या ओळींकडे वळायला शिकते. वरचा भाग बहुधा राजाचा, त्याच्या वंशाचा नि पराक्रमाचा. कोणी कोणाला काय दिलं, ते खाली. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत पाटण आहे. तिथल्या भवानीच्या देवळातला लेख मला साऱ्या खानदेशात मोलाचा वाटतो, तो या खालच्या ओळींमुळे.

लेख चांगदेवाचा. योगी चांगदेव तो वेगळा. हा भास्कराचार्यांचा नातू, देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला. त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने दान दिलं ते शके ११२८च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणात. अभ्यासकांनी काढलेली तारीख आहे ९ ऑगस्ट १२०७. ग्रहणात दान देण्याची रीत जुनीच. पण ज्या ग्रंथाच्या अभ्यासासाठी हे दान सुटलं, त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित मांडलेलं आहे. या योगाचं मला फार अप्रूप वाटतं.

वरचे श्लोक संस्कृतात, खालचा मजकूर त्या काळच्या मराठीत. पाटणच्या पेठेत विकायला येणाऱ्या मालावर राजाचा जो हक्क होता, त्यातला वाटा मठाला दिला. माल मापायचा तो मठाच्या मापाने. आणि गावात जितके घाणे फिरतील, तितक्यांकडून पळी पळी तेल. विद्यार्थी जगला पाहिजे, तर त्याच्या दाण्याची नि तेलाची सोय आधी लागली पाहिजे, हे चांगदेवाला कळत होतं. गणिताचं एक अक्षरही न शिकलेला तेली त्या मठाचा पोशिंदा झाला.

याच घराण्यातल्या अनंतदेवाने, भास्कराचार्यांच्या भावाच्या नातवाने, पुढे शके ११४४मध्ये बहाळला भवानीचं देऊळ बांधलं. चांगदेवालाही आजोबांच्या नावाने तसं काही उभारता आलं असतं. त्याने शिकणाऱ्यांची सोय केली. मला ही गुरुदक्षिणा श्रेष्ठ वाटते. भास्कराचार्यांनीही ‘बीजगणिता’च्या शेवटी आपल्याला हे ज्ञान वडिलांकडून, महेश्वरांकडून मिळालं असं सांगितलं आहे. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांचे विस्तृत ग्रंथ आपण शिष्यांसाठी आटोपशीर केले, हेही तिथेच नोंदवलं आहे. ऋण मान्य करायचं आणि लगेच पुढच्याचं काम सोपं करायचं, हे त्या घरातच होतं.

धुळ्यात याच जातीचं काम विसाव्या शतकात झालं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणारा हा माणूस स्वभावाने कडक. संस्था काढायचा, मतभेद झाले की सोडायचा. असा गुरू सोसणं सोपं नसतं. पण त्यांच्या मागे दप्तरं वाऱ्यावर गेली नाहीत. १९२७मध्येच वकील भास्कर वामन भट आणि इतर चाहत्यांनी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं, पुढे ‘संशोधक’ त्रैमासिक चालवलं. राजवाड्यांना कधी न पाहिलेल्या किती पिढ्या त्या कागदांवर मोडी वाचायला शिकल्या! मीही त्यांतलीच.

दगडावरून ठसा घ्यायला मला शिकवलं ते जळगावच्या एका निवृत्त शिक्षकांनी. आधी दगड पाण्याने धुवायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकत ठोकत अक्षराच्या खाचेत उतरवायचा. कागद अर्धवट सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. घाई केली तर खाचेत शाई जाते नि अक्षर बुजतं. सर माझं मनगट धरून हात हलका करायला लावत. कागद, शाई, चाळीसगावपर्यंतचं रेल्वेचं तिकीट, सगळं त्यांच्या पेन्शनमधून. हिशेब विचारला की म्हणायचे, “आधी वाच बेटा, ओळ सोडू नको.”

त्यांच्याकडे शिकलेले आम्ही काहीजण आता दरमहा थोडी रक्कम बाजूला काढतो. शिकायला येणारी बहुतेक मुलं खेड्यांतली, शेतमजुरांच्या घरची. एका दिवसाचा रोज बुडवून ती येतात. म्हणून तिकीट, जेवण आणि बुडालेला रोज, तिन्ही आम्ही देतो. रोजाचा मुद्दा आमच्यातल्या काहींना आधी पटला नव्हता. मी पाटणच्या लेखातली घाण्यांची ओळ वाचून दाखवली, आणि ठराव त्याच बैठकीत झाला. दिवाळीची सुट्टी संपली की नव्या मुलांना घेऊन अनंतदेवाच्या बहाळच्या लेखाचं वाचन सुरू करायचं आहे. ठशाचा कागद आणून ठेवला आहे.