जीभ आणि कान

कासारसाई,
ऋषिपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय ताई,


काल ऋषीची भाजी केली. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून सासूबाई परसात एकेक पान धुंडत होत्या. मी म्हटलं, यंदा खालच्या दहा गुंठ्यांत नांगर घातलाच नाही, तिथला भात पुढच्या वर्षी ऋषीला चालेल की! त्या हसल्या नाहीत. त्या खाचराकडे बघून सध्या घरात कुणालाच हसू येत नाही.

तुझ्याकडे कर्जतला भडसावळ्यांच्या सगुणा पद्धतीचं भात बघून आले, तेव्हापासून डोक्यात होतं. ना चिखलणी, ना आवणी. गादीवाफा करायचा, लोखंडी साच्याने भोकं पाडायची, भोकात तीन-चार दाणे टाकायचे. इकडे आवणीला बाया मिळत नाहीत. ज्या यायच्या त्या आता हिंजवडीच्या कंपन्यांत कामाला जातात. महिन्याच्या महिन्याला पगार आणि गुडघाभर चिखल नाही. त्यांना कोण नावं ठेवील? म्हणून इंद्रायणी टोकली. उगवली झकास. पण तिच्याबरोबर पाखड उगवलं, लव्हाळा उगवला, केना, माका, सगळं गोत उगवलं.

चूक माझीच. तुझ्याकडची टोकण तेवढी मी उचलली, तिच्या आधीचं काम बघितलंच नाही. आवणीचं रोप 21 ते 25 दिवसांचं असतं, म्हणजे तणाच्या पुढे तीन आठवडे. वर दोन बोटं पाणी, त्याखाली गवताच्या बीला हवा मिळत नाही, ते कुजतं, नाहीतर झोपून राहतं. पेरभातात दाणा आणि तण एकाच दिवशी डोळे उघडतात, आणि घाई तणाला जास्त. पंधराव्या दिवसापासून दीड महिन्यापर्यंत जो पुढे गेला, खाचर त्याचं.

मला मात्र सारखा आपला राब आठवतो. आई कवळ, शेण, पालापाचोळा पसरून राब भाजायची. भाजल्या जमिनीत रोप जोमदार येतं, एवढंच आपल्याला ठाऊक. पण त्या आगीत वरच्या बोटभर मातीतलं तणाचं बीही भाजून निघायचं. म्हणजे निम्मी बेणणी ती वैशाखातच उरकत होती! आषाढात कमरेत वाकलेल्या बाया आपल्याला दिसायच्या, हे दिसायचं नाही. सगळं खाचर भाजायला कवळ कुठून आणणार, आणि आणूही नये. त्यापायी डोंगर उघडे झाले. पण काम वैशाखातलं आहे, हे मी विसरले.

बेणायला बसले तर पहिले दोन दिवस भातच उपटलं गेलं. कोवळेपणी पाखड हुबेहूब भातासारखं. मग शेजारच्या म्हातारीने दाखवलं: पान खोडाला जिथे मिठी मारतं तो सांधा बघायचा. भाताला तिथे पांढरी पातळ जीभ असते आणि दोन्ही बाजूंना बारीक केसाळ कान. पाखडाला जीभही नाही, कानही नाहीत. सांधा साफ गुळगुळीत. ती म्हातारी बघतसुद्धा नाही, अंगठा फिरवते आणि उपटते. मला अजून चष्मा लागतो.

तणनाशकही मारलं, लपवत नाही. बिसपायरीबॅक तण तीन-चार पानांवर असताना, विसाव्या दिवसाच्या आसपास मारायचं असतं. पाऊस उघडेना म्हणून मी पस्तिसाव्या दिवशी पंप पाठीवर घेतला. पाखड आठवडाभर पिवळं पडलं आणि पुन्हा हिरवं झालं. शिवाय वर्षानुवर्षं एकच औषध वापरलं, की जे तण त्याला दाद देत नाही त्याचंच बी मागे उरतं. तुमच्याकडे पेरणीआधी ग्लायफोसेट मारतात, त्याला माझं मन घेत नाही. सरकारनेही 2022 मध्ये त्यावर बंधन घातलं. आणि खरं सांगू, बांधावरचा कुर्डू आणि केन्याची भजी मला सोडवत नाहीत.

पुढच्या वर्षी असं करणार. वाफे आत्ताचेच ठेवायचे, मोडायचे नाहीत. नांगराने खालचं जुनं बी वर येतं. वळवाचा पाऊस पडला की तणाला खुशाल उगवू द्यायचं. पंधरा दिवसांनी वरच्यावर खरवडून टाकायचं, जमलं तर दोनदा, मग टोकायचं, तेही सरळ ओळीत, म्हणजे मधून हातकोळपं चालेल. ओळी वाकड्या आल्या म्हणूनच यंदा ते चाललं नाही. लव्हाळ्याचं काय करावं ते सुचत नाही. तो बीचा नाही, गाठींचा. वर खरवडला की खालून दुप्पट येतो. उन्हाळ्यात नांगरून गाठी उन्हात वाळवल्या तर मरतात, पण मग नांगर आलाच. तेवढा कोपरा बहुतेक नांगरेन. सासूबाईंची ऋषीही बुडाली!

आज सकाळी जाऊबाई आणि मी पाखडाचे तुरे खुडत होतो, बी झडायच्या आत. एक गोणी भरली. जाऊबाई ती उकिरड्यात टाकायला निघाल्या, मी अडवलं. शेणखताबरोबर तेच बी परत खाचरात आलं असतं. तुरे पडवीत वाळत घातलेत, कोंबड्यांना हाकलून हाकलून जीव गेला. वाळले की बंबात जातील.

तुमच्याकडचा साचा मे महिन्यात आठ दिवस मिळेल का, ते भावजींना विचार. भाडं देईन. पोरांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी