किर्यात सान्झ : एक फेडलेला नवस

नतान्याला आपली माणसे लग्नकार्याला जातात, समुद्र बघतात आणि परत फिरतात. शहराच्या उत्तरेला समुद्राकाठी किर्यात सान्झ म्हणून वस्ती आहे, तिकडे इस्पितळाचे काम निघाल्याशिवाय कोणी वळत नाही. आम्ही चार निवृत्त नर्सबाया मुद्दाम गेलो.

वस्ती हसीदी लोकांची. काळे कोट, डोकी झाकलेल्या बाया, पोरांची ही गर्दी! आपल्यात काजी होते, हझान होते, पण 'रेबे' ही चाल नव्हती. हसीदी लोकांत रेबे म्हणजे गुरू आणि त्याची गादी बहुधा घराण्यातच चालते. इस्पितळ ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव दिव्रे हाईम. पोलंडातल्या सान्झ गावचे मोठे रेबे हाईम हालबरश्टाम (मृत्यू १८७६) यांच्या ग्रंथाचे हे नाव. ही वस्ती वसवली ती त्यांच्या पणतवाने, रब्बी येकुतिएल येहुदा हालबरश्टाम यांनी.

ते १९०५ साली पोलंडातल्या रुदनिक गावी जन्मले आणि तरुणपणीच क्लाउझेनबर्ग, म्हणजे आजच्या रुमानियातील क्लूज, येथे रब्बी झाले. १९४४ साली नाझींनी सारे उद्ध्वस्त केले. बायको आणि दहा मुले मारली गेली. अकरावा, थोरला मुलगा, युद्धातून वाचला, पण लगेचच निर्वासितांच्या छावणीत आजारपणात गेला. रब्बी स्वतः आउशविट्झ, वॉर्सा आणि डाखाऊच्या छावण्यांतून जिवंत सुटले.

त्या दिवसांत त्यांच्या हाताला गोळी लागली होती. नाझींच्या दवाखान्यात गेलेला परत येईल याचा भरवसा नव्हता. त्यांनी झाडाचे पान घेऊन जखमेवर बांधले आणि मनात नवस केला : जगलो तर इरेत्स इस्राएलमध्ये इस्पितळ बांधीन, जिथे कोणाही माणसाला मायेने वागवतील.

नवस आपल्याला नवा नाही. एलियाहू हनाबीचे नाव घेऊन आपण नवस बोलतो आणि पावला की मलिदा करतो. या माणसाचा नवस फेडायला तीस वर्षे लागली. सुटका झाल्यावर जर्मनीतल्या फेल्डाफिंग आणि फ्योरेनवाल्ड येथील छावण्यांत त्यांनी अनाथ पोरापोरींसाठी शाळा काढल्या, त्यांची लग्ने लावली. मग अमेरिकेत जाऊन नवा संसार मांडला. पाच मुली, दोन मुलगे झाले. १९५६ साली किर्यात सान्झचा पाया घातला आणि १९७५ साली लानियादो इस्पितळ उघडले. नाव देणगीदार लानियादो बंधूंचे.

शब्बाथ असो की सण, आजाऱ्याला दार उघडे. २००२ साली पेसाहच्या सेदेरच्या रात्री जवळच्या पार्क हॉटेलात बॉम्बस्फोट होऊन ३० माणसे दगावली, तेव्हाही जखमींना इथे आणले होते.

रब्बींनी नोकरांना एक अट घातली होती : संप करायचा नाही. यावर आमच्यात बाकावर बसून बराच वाद झाला. रात्रपाळ्या, अपुरी माणसे, तुटका पगार, हे आम्ही सोसलेले आहे. संप कोणी हौसेने करत नाही. एक म्हणाली, "मायेने पोट भरते का गं?" दुसरी म्हणाली, "पण ज्याच्या जखमेला एक फडकेसुद्धा मिळाले नाही, तो आणखी काय मागणार?" दोघींचे आम्हांला पटले. मात्र नर्सने रोग्याला खाटेच्या नंबराने हाक मारू नये, हे तरी पगारावर अवलंबून नाही.

रब्बी १९९४ साली, ९ तामूजला वारले. नतान्यातच त्यांची कबर आहे. गादीचे दोन भाग झाले : थोरला मुलगा नतान्यात, धाकटा ब्रुकलिनमध्ये.

ज्यांना जायचे असेल त्यांनी अंगभर कपडे घालावेत आणि शब्बाथला मोटार नेऊ नये. आणि एखादा आजारी तिथे एकटा पडलेला दिसला तर दोन शब्द बोलून यावे. बिकुर होलीमची मित्स्वा घडेल.