घोडा होण्याआधी

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अकोल्याहून एक नवरा-बायको आमच्या घरी आले. अमरावतीबाहेर आमचं जुनं घर आहे. पुढच्या पडवीत माझं काम चालतं, मागच्या गोठ्यात भावाची बैलजोडी. मी नाटकांसाठी वेताचे, कापडाचे घोडे बांधतो आणि नटांना घोडा व्हायला शिकवतो. तेवढं ऐकून ते आले होते. चहा निवून गेला तरी विषय निघेना. शेवटी बाईच बोलल्या, "यांना घोडा व्हायचं आहे. लगाम माझ्या हातात. नाटकात नाही, आमच्या दोघांतच."

बाहेरच्या देशांत याला पोनी प्ले म्हणतात. मोठी माणसं साज चढवतात, दुडकी चाल शिकतात, कोणी लगाम धरतं. काहींना त्यात शृंगार सापडतो, काहींना दिवसभर निर्णय घेऊन शिणलेलं डोकं तासभर उतरवून ठेवता येतं. नवरा खाली मान घालून बसला होता. मी त्यांना पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातला नंदराजा सांगितला. रुसलेल्या राणीसाठी त्यानं तोंडात लगाम घेतला, तिला पाठीवर बसवलं आणि तो घोड्यासारखा खिंकाळला. शेकडो वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, म्हणजे ही इच्छा काही मोबाईलमधून आलेली नाही. ते ऐकून त्यांनी मान वर केली, आणि मग कामाचं बोलता आलं.

मी सुरुवात तोंडापासून करतो. घोड्याच्या पुढच्या दातांमध्ये आणि दाढांमध्ये मोकळी जागा असते, हिरडीचा नुसता पट्टा. लगामाची कडी तिथं बसते. माणसाच्या तोंडात ती जागाच नाही. कडी थेट दातांवर येते, जबडा उघडा राहतो, लाळ गिळता येत नाही, आणि कानाजवळचा सांधा दहा मिनिटांत ठणकू लागतो. शिवाय कडी तोंडात असलेल्या माणसाला "थांब" म्हणता येत नाही.

हे मी शिकलो ते एका मित्राच्या जबड्यावर. अकोल्याला बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात आमच्या तालमी चालायच्या. मे महिना, वर पत्रे. तो घोडा, मी स्वार. नाटकात कडी लाकडाची होती, वर कापड गुंडाळलेलं, म्हणून मी निर्धास्त होतो. थांबायची खूण ठरली होती: उजवा पाय दोनदा आपटायचा. पण घोडा तर तसेही पाय आपटतो! त्यानं आपटले, मला वाटलं रंगात आला आहे. मी लगाम आणखी खेचला. तो गुडघ्यावर आला तेव्हा कुठे मी पुढं जाऊन त्याचं तोंड पाहिलं. डोळे पांढरे झाले होते, ओठाच्या कोपऱ्याला चीर. पाणी पिऊन तो एवढंच म्हणाला, "दोन डाव पाय आपटला ना गा म्या, तुनं पाह्यलंच नाई." पुढं पंधरा दिवस तो पेज पीत होता. त्याच्या आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझा लगाम तोंडाला जात नाही. छातीवरून रुंद पट्टा, त्याला दोन्ही बाजूंनी कड्या, लगाम तिथं. मानेला कधीच काही बांधायचं नाही, सुती दोरीसुद्धा नाही. आणि खूण घोड्याच्या चालीत न बसणारी हवी. मी घोड्याच्या मुठीत घुंगरू देतो; ते हातातून पडलं की खेळ तिथंच थांबला. स्वाराची नजर पडली नाही तरी आवाज कानावर येतो. बाईंनी ते घुंगरू घेऊन दोनदा फरशीवर टाकून पाहिलं.

मग गुडघे. लहानपणी बापानं केलेला घोडा सगळ्यांच्या मनात असतो, हातापायांवरचा. चाळिशीत फरशीवर तसं चालणं पाच मिनिटांच्या वर नको, आणि पाठीवर पूर्ण वजन तर नकोच. माणसाचा कणा आडवा राहून ओझं वाहायला घडलेला नाही. गोव्यात सत्तरी, डिचोलीकडे शिगम्यात घोडेमोडणी होते. तिथं लाकडी घोडा कमरेला बांधतात, हातात तलवार, पायांत घुंगरं, आणि नाचणाऱ्याचे दोन्ही पाय मोकळे. म्हणूनच ढोल-ताशावर तो इतका वेळ नाचू शकतो. लंडनला 1973 साली आलेल्या ‘इक्वस’ नाटकात नट तारेची मुंडकी आणि उंच धातूचे खूर घालून घोडे झाले, तेही दोन पायांवर उभे राहून. घोडा दिसायला चार पाय लागत नाहीत. मान कशी वळते, श्वास नाकातून कसा फुरफुरतो, वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं जातं, याला लागतो वेळ. 2007 च्या ‘वॉर हॉर्स’मधला वेताचा घोडा तीन माणसं मिळून चालवत. एक डोकं, एक छाती, एक मागचे पाय; आणि तिघं श्वास एकत्र घेत. मी नटांना पहिला आठवडा फक्त श्वासच देतो.

हात बांधू नका, हे मी नवऱ्याला दोनदा सांगितलं. खुरासारखे मोजे घातले तरी पडताना हात पुढं यायला हवेत. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, बोटांना मुंग्या आल्या की लगेच सैल करायचं, कात्री हाताशी ठेवायची, दारू अजिबात नाही. आणि दार बंद. ज्यांनी हो म्हटलेलं नाही त्यांच्या डोळ्यांसमोर हा खेळ मांडू नये. फोटो काढायचा की नाही तेही साज चढवण्याआधी ठरावं, नंतर नाही. अकोला-अमरावतीत माणसं एकमेकांना तीन पिढ्या ओळखतात.

"आणि मला काय करावं लागेल?" बाईंनी विचारलं. खरं तर सगळं त्यांच्याकडेच होतं. स्वार होणं सोपं समजतात. घोडा झालेला माणूस हळूहळू बोलणं सोडतो, विचार सोडतो, त्याच्यासाठी तेच सुख असतं. तहान लागली हेसुद्धा त्याला उशिरा कळतं. ते सगळं ध्यान लगाम धरणाऱ्यानं ठेवायचं. घोड्याला नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून जाणता माणूस त्याच्या खांद्याकडून जवळ जातो, आधी आवाज देतो, मग हात लावतो. मी त्यांना तसंच नवऱ्याकडे जायला लावलं. पहिल्या खेपेला त्या घाईनं गेल्या, ते दचकले. तिसऱ्या खेपेला खांद्यावर हात टेकला तेव्हा त्यांचा श्वास खाली उतरलेला मला खुर्चीतून दिसला.

दिवेलागणीला भावानं गोठ्यातून हाक मारली. खांदशेकणी होती. आम्ही तिघंही मागं गेलो. जू वर्षभर जिथं बसतं तिथं बैलाची कातडी काळी, जाड, तळहातासारखी झालेली असते. भाऊ कोमट तुपात हळद कालवून तिथं चोळत होता, घाई नाही, बोलणं नाही. बैलानं डोळे मिटून मान खाली सोडली होती. बाई बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं, "हे खेळ संपल्यावर लगेच करायचं, की साज उतरवल्यावर थोडं थांबून?"

साज उतरवून, पाणी पाजून, मग, असं मी सांगितलं. भावानं वाटी त्यांच्यापुढं केली. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि धाकट्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवला.